बौद्धिक दिव्यांग मुले आणि प्राणवायू : आशा, विज्ञान आणि आपले कर्तव्य



२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसे ऑक्सिजनवाचून तडफडत होती. तेव्हा सभासदांच्या वर्गणीतून आपल्या संस्थेने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची दोन यंत्रे घेतली. त्या दिवसांत ती अनेक घरी फिरली. साथ ओसरल्यावर ती विहाराच्या मागच्या खोलीत झाकून ठेवली गेली.

गेल्या वर्षावासात एक उपासिका आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. शाळेत बसतो, पण आज शिकवलेले उद्या आठवत नाही. एका नातेवाइकाने त्यांना सांगितले होते, की अशा मुलाला रोज तासभर ऑक्सिजन दिला तर मेंदू तल्लख होतो. शहरातल्या एका केंद्राने तर मोठ्या दाबाच्या टाकीत बसवून चाळीस वेळा ऑक्सिजन देण्याचा खर्च लेखी काढून दिला होता. त्यासाठी बाई गळ्यातले मोडायला निघाल्या होत्या. मोडण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारले, "दादा, विहारातले मशीन पडूनच आहे ना? ते माझ्या बाळाला द्याल का?"

आम्हांला चटकन हो म्हणता आले नाही आणि नाहीही म्हणता आले नाही. नाही म्हणावे तर मातेची आशा तुटते. हो म्हणावे तर संस्थेच्या नावावर एक गैरसमज घरोघर जातो. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबून न राहता स्वतः तपासून पाहावे, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. म्हणून आम्ही जाणत्या डॉक्टरांना विचारले, मिळाले ते वाचले. त्याचे सार या लेखात आपल्यापुढे ठेवीत आहोत.

१. शब्द आधी नीट करू

पूर्वी आपण सर्रास 'मतिमंद' म्हणत असू. १९९५ च्या कायद्याचाही सूर तोच होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने बौद्धिक दिव्यांगता हा शब्द रूढ केला. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. बौद्धिक दिव्यांगता म्हणजे समजणे, आठवणे, तर्क करणे यांत आणि रोजच्या व्यवहारात लहानपणापासून राहिलेली मर्यादा. तो ताप नव्हे की उतरला. तो वेडही नव्हे. अशी व्यक्ती शिकते, पण सावकाश आणि तिच्या पद्धतीने शिकते.

याची कारणे अनेक आहेत. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र एक जास्त असते. काहींना जन्मतः थायरॉईडची उणीव असते, काहींना मेंदूज्वर होऊन गेलेला असतो, काहींच्या बाबतीत गरोदरपणात आईला आयोडीन पुरेसे मिळालेले नसते. काहींचे कारण पुष्कळ शोधूनही सापडत नाही. जन्मताना बाळ गुदमरणे हे यांतले एक कारण आहे, एकमेव नव्हे. तेव्हा मुलाकडे बोट दाखवून सुनेला "बाळंतपणात तूच काही केले असशील" असे म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

२. मेंदू आणि प्राणवायू

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा घेतो. काही मिनिटे पुरवठा थांबला तर पेशी मरू लागतात. म्हणूनच सामान्य माणसाला वाटते, की कमी मिळाल्याने मेंदू बिघडतो, तर जास्त दिल्याने सुधारला पाहिजे. वरवर पाहता हे पटते. पण रोपाला पाणी न मिळाल्याने ते वाळले, म्हणून नंतर हंडाभर पाणी ओतल्याने वाळलेली फांदी हिरवी होत नाही. मेलेली पेशी प्राणवायूने जिवंत होत नाही. गुणसूत्रातील फरकही त्याने जात नाही.

आता थोडा हिशेब पाहू. आपल्या श्वासातील हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिन ही त्याला वाहून नेणारी गाडी. निरोगी माणसाच्या या गाड्या साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेल्या असतात. हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू नेते. शुद्ध प्राणवायू हुंगला तरी गाड्यांत फारशी जागा उरलेली नसते. रक्ताच्या पाण्यात विरघळून जो वाढतो तो दोनएक मिलिलिटरच. घरातले यंत्र तर मिनिटाला पाच लिटर देते. नाकातल्या नळीभोवतून खोलीची हवाही आत जात असल्याने फुप्फुसापर्यंत चाळीसएक टक्के प्राणवायूच पोहोचतो. म्हणजे ज्याची फुप्फुसे धड आहेत त्याच्या पदरात पडणारी वाढ अगदीच थोडी.

आता याच्या उलट बाजू पाहा. एखाद्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेसातच असेल तर त्याचे १०० मिलिलिटर रक्त वीसऐवजी दहाच मिलिलिटर प्राणवायू नेते. गंमत अशी, की त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९८ च येईल. कारण ते साधन गाड्या किती भरल्या आहेत एवढेच सांगते, गाड्या किती आहेत हे सांगत नाही. अशा मुलाला यंत्राची नळी लावून एक-दोन मिलिलिटर वाढतील. लोह, सकस आहार आणि जंतावरचे औषध देऊन रक्त भरले तर दहा वाढतील. हा साधा हिशेब आम्हांला या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

३. मग संशोधन काय म्हणते?

नातेवाइकाने सांगितलेली गोष्ट अगदीच हवेतली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांनी निरोगी तरुणांना थोडा वेळ प्राणवायू देऊन शब्दांची यादी लक्षात ठेवायला लावली, तेव्हा त्यांना काही शब्द जास्त आठवले. २०१० नंतरच्या दशकात दक्षिण कोरियातील संशोधकांनी बौद्धिक दिव्यांग प्रौढांना ९२ टक्के प्राणवायू देत स्मरणाच्या सोप्या चाचण्या घेतल्या. त्यांतही कामगिरी काहीशी सुधारलेली दिसली.

पण हे प्रयोग कसे होते ते पाहिले पाहिजे. माणसे थोडी, चाचणी एका बैठकीची, प्राणवायू चालू असतानाची. त्यातून एवढेच निघते, की मेंदूला त्या वेळेपुरता थोडा हातभार लागत असावा. प्राणवायू बंद केल्यावर महिन्याने तो माणूस पैसे मोजायला, बस ओळखायला किंवा स्वतःची बटणे लावायला शिकला, असे त्यातून सिद्ध होत नाही. संशोधकाच्या खोलीतला सेकंदांचा फरक आणि आयुष्यातला फरक यांत मोठे अंतर असते. जाहिरात करणारे हे अंतर लपवतात.

मोठ्या दाबाच्या टाकीची तपासणी तर याहून कडक झाली आहे. कॅनडात मेंदूच्या पक्षाघाताच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या १११ मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना वाढीव दाबाखाली शुद्ध प्राणवायू, निम्म्यांना किंचित वाढवलेल्या दाबाखाली साधी हवा, अशा चाळीस बैठका झाल्या. कोणाला काय मिळते हे पालकांना ठाऊक नव्हते. शेवटी दोन्ही गटांतील मुले सुधारली, आणि ती सारखीच सुधारली! कानाचा त्रास मात्र प्राणवायूच्या गटात जास्त झाला. मग सुधारणा कशाने झाली? आम्हांला वाटते, आई-बाप रोज मुलाला घेऊन गेले, त्याच्याजवळ बसले, आशेने त्याच्याकडे पाहू लागले, याचा वाटा त्यात मोठा असणार. ते औषध आपल्या घरात फुकट आहे.

स्वमग्नतेसाठीही ही टाकी खपवली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली लोकांना सावध केले, की स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा विकारांवर या उपचाराचा गुण सिद्ध झालेला नाही. पाणबुड्यांना होणारा त्रास, विषारी वायूची बाधा, काही न भरणाऱ्या जखमा यांवर तो उपयोगी आहे, हे खरे. पण हातोडी खिळ्याला चालते म्हणून ती काचेलाही चालते असे नाही.

४. प्राणवायू निरुपद्रवी नाही

"फायदा नाही झाला तर तोटा तरी काय?" असे अनेकजण विचारतात. तोटा आहे. १९४०-५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांना भरमसाट प्राणवायू दिला गेला आणि त्यांची दृष्टी गेली. जन्मतः न रडणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळाला पूर्वी शुद्ध प्राणवायू देत. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सॉगस्टाड यांच्यासारख्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासांनंतर आता अशा बाळाला साध्या हवेनेच श्वास देण्यास सुरुवात करतात. गुदमरलेल्या बाळालाही जास्तीचा प्राणवायू नको, हा धडा आपल्या देशातील डॉक्टरांनी जगाला दिला, ही अभिमानाची गोष्ट होय.

दुसरा धोका आगीचा. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. आपल्या घरी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती व अगरबत्ती असते. त्याच खोलीत नळी लावून मूल बसवणे म्हणजे आगीशी खेळ होय. ३१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात अशा दाबाच्या टाकीत आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. आणि तिसरा तोटा घरच्या पैशाचा. एकदा मोडलेले सोने परत होत नाही.

५. आधी शोधावे ते वेगळेच

मग प्राणवायूचा आणि या मुलांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि फार जवळचा आहे. फक्त तो बाहेरच्या नळीत नसून शरीरातल्या अडथळ्यात आहे. चार ठिकाणी पाहावे.

झोप : मूल रात्री जोराने घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते, मध्येच श्वास थांबून दचकते, मान मागे टाकून किंवा बसून झोपते, असे असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडिनॉईडच्या गाठी वाट अडवत असतील. डाऊन सिंड्रोमच्या निम्म्याहून अधिक मुलांना हा विकार असतो. रात्रभर प्राणवायू खालीवर होतो, झोप मोडते आणि दिवसा मूल चिडचिडे व विसराळू होते. आपण म्हणतो, "ते तसेच आहे." इथे नुसता प्राणवायू देणे घातकही ठरते, कारण वाट बंदच राहते आणि अंगात कार्बन डायऑक्साईड साठतो. वाट मोकळी करणे हाच उपाय.

हृदय : डाऊन सिंड्रोमच्या सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. दूध पिताना दमणे, ओठ निळे पडणे, वजन न वाढणे या खुणा दिसल्यास हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर मूल चांगले वाढते.

रक्त : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. शंभरात जवळजवळ सत्तर! दिव्यांग मूल चावून खात नाही, भाजी थुंकते, म्हणून त्याला दूध-बिस्किटांवर ठेवले जाते आणि त्याचे रक्त अधिकच उतरते. हिमोग्लोबिनची चाचणी सरकारी दवाखान्यात सहज होते.

सिकलसेल : आपल्या संस्थेचे कित्येक सभासद मूळचे विदर्भातले, म्हणून हे ठळकपणे लिहीत आहोत. आदिवासी बांधवांप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजातून आलेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांतही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. नागपूरकडील संशोधकांनी हे १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि पुढचा प्राणवायू तुटतो. मेंदूत असे लहान झटके कुणाच्या लक्षात न येता येऊन जातात. हुशार मूल हळूहळू मागे पडते आणि मास्तर म्हणतात, लक्ष देत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. आपण पत्रिका जुळवणे सोडले, हे बाबासाहेबांचे ऋण. आता लग्नापूर्वी रक्ताची चाचणी जुळवावी. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्याचा लाभ घ्यावा.

याखेरीज बाळंतपण दवाखान्यातच करावे. जन्मल्यावर बाळ रडले नाही तर पहिले मिनिट सोन्याचे असते. त्या मिनिटात श्वास देणारा शिकलेला हात जवळ असणे, ही बौद्धिक दिव्यांगता टाळण्याची प्राणवायूच्या बाबतीतली खरी वेळ. बारा वर्षांनंतर टाकीत बसवणे ही वेळ नव्हे.

६. चुल्लपंथकाची गोष्ट

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथक भिक्खूची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. थोरला भाऊ महापंथक विद्वान. त्याने कंटाळून त्याला विहारातून जायला सांगितले. जीवकाच्या घरच्या भोजनाच्या यादीतूनही त्याला वगळले. तथागतांना तो भेटला तेव्हा त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र हाती दिले आणि ते कुरवाळत दोनच शब्द म्हणत बसायला सांगितले. वस्त्र मळत गेले, तसतसे अनित्य म्हणजे काय ते त्याला हातानेच कळले. इकडे जीवकाच्या घरी बुद्धांनी भिक्षापात्रावर हात ठेवला. विहारात अजून कुणी उरला आहे, त्याला बोलवा, असे सांगितले. चुल्लपंथक आल्यावरच जेवण झाले.

चुल्लपंथक मंद का, याचे कारण अट्ठकथाकार पूर्वजन्मात सांगतात. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचा जन्म ठरतो हे मत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारले आहे. तेव्हा मुलाच्या आईला कुणी "मागच्या जन्माचे भोग" म्हणाले तर त्याला तिथेच थांबवणे हे आपले कर्तव्य होय. कथेतून घ्यायचे ते हे : शिकणाऱ्याला बदलण्याआधी शिकवण्याची रीत बदलावी. एका वेळी एकच गोष्ट, हातात धरता येईल अशी, रोज त्याच वेळी, पुनःपुन्हा. आणि जेवणाच्या पंक्तीत, वंदनेत, सहलीत त्याची जागा राखून ठेवावी.

७. त्या उपासिकेला आम्ही काय सांगितले

यंत्र आम्ही दिले नाही. आम्ही विचारले, "ताई, मुलगा रात्री कसा झोपतो?" त्या म्हणाल्या, "घोरतो हो, शेजारी उठतात!" मग आमच्यापैकी दोघे त्यांच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेले. ॲडिनॉईड वाढलेले निघाले, हिमोग्लोबिनही कमी निघाले. शस्त्रक्रिया झाली, लोहाचे औषध चालू झाले. आज तो शांत झोपतो, सकाळी रडत उठत नाही, वर्गात अधिक वेळ बसतो. त्याची बौद्धिक दिव्यांगता गेली का? नाही. ती जाणार नाही. पण जी वाट अडली होती ती मोकळी झाली. दर पौर्णिमेला उपासकांच्या चपला ओळीत लावण्याचे काम तो करतो आणि कुणाची चप्पल कुठली हे आमच्यापेक्षा चांगले ओळखतो. गळ्यातले गळ्यातच राहिले.

यापुढे कार्यकारिणीने असे ठरविले आहे :

१) कॉन्सन्ट्रेटर डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवरच दिला जाईल. बुद्धी वाढवण्यासाठी दिला जाणार नाही.

२) ज्या घरी बौद्धिक दिव्यांग मूल आहे त्यांनी झोप, हृदय, रक्त, सिकलसेल, थायरॉईड, कान व डोळे यांची तपासणी एकदा करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. सोबत येण्यास संस्थेचा कार्यकर्ता मिळेल.

३) दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

४) कुणी हमखास गुणाची हमी देऊन आगाऊ पैसे मागत असेल, तर पैसे देण्यापूर्वी एकदा विहारात येऊन बोलावे.

आजारी भिक्खूला तथागतांनी आणि आनंदाने स्वतःच्या हाताने धुतले, अंथरुणावर निजवले. त्यांनी आधी पाहिले, विचारले, मग हात लावला. आपल्या मुलांच्या बाबतीत आपणही याच क्रमाने वागावे, एवढीच नम्र विनंती.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!